प्राथमिक आरोग्यसेवा : प्रयोग गावात, परीक्षा शासनाची

भारतातील सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा आराखडा स्वातंत्र्यापूर्वीच आखला गेला होता. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. पैसे भरण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे मांडलेले होते. आरोग्यसेवा लोकांच्या शक्य तितक्या जवळ असावी, प्रतिबंध आणि उपचार यांची फारकत होऊ नये, हेही समितीने सांगितले. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना या अहवालातूनच पुढे आली आणि १९५२ च्या समूह विकास कार्यक्रमाबरोबर ती प्रत्यक्षात येऊ लागली. पुढे सपाट प्रदेशात ३० हजार व आदिवासी-डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर अनुक्रमे पाच हजार व तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असे निकष ठरले.

कागदावर ही रचना नेटकी होती. प्रत्यक्षात इमारत उभी राहिली तरी डॉक्टर मुक्कामाला नसे, डॉक्टर असला तर औषध नसे आणि दोन्ही असले तरी बाळंतीण किंवा तापाने फणफणलेले मूल तिथवर पोहोचत नसे. केंद्र आणि घर यांच्यातले हे अंतर कसे मिटवायचे, हाच गेल्या अर्धशतकातील आरोग्यसुधारणांचा मुख्य प्रश्न राहिला आहे. त्याची काही महत्त्वाची उत्तरे महाराष्ट्रातील गावांत शोधली गेली. शासनाने ती स्वीकारली खरी; परंतु स्वीकारताना काय घेतले आणि काय मागे ठेवले, यावर त्यांचे यशापयश ठरले.

जामखेडचा धडा

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून शिकलेले दांपत्य १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात आले. दवाखाना काढावा आणि रुग्ण तपासावेत, एवढ्यापुरता त्यांचा विचार मर्यादित नव्हता. गावकऱ्यांशी बोलताना त्यांच्या लक्षात आले, की लोकांच्या गरजांच्या यादीत आरोग्याचा क्रमांक पहिला नव्हता. आधी पाणी हवे होते, मग अन्न. त्यामुळे कामाची सुरुवात कूपनलिका व पूरक आहार यांपासून झाली. कित्येक गावांत हातपंप दलित वस्तीत बसवले गेले. पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागले आणि आरोग्याच्या कामातून जातीच्या भिंतीलाही हात लागला.

सुरुवातीला गावोगावी प्रशिक्षित परिचारिका नेमण्याचा विचार होता. पण बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेला खेड्यात एकटीने राहणे अवघड जाई आणि गावालाही ती परकी वाटे. त्यातून गावातल्याच बाईला शिकवण्याचा मार्ग निघाला. निवडल्या गेलेल्या अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही परित्यक्ता होत्या. त्या जामखेडला ठरलेल्या दिवशी येत, शिकत, परत गावी जाऊन ते वापरत आणि पुढच्या खेपेला अडचणी घेऊन येत. गरोदर स्त्रीची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, लसीकरणाचा पाठपुरावा, कुष्ठरोग व क्षयरोगाची ओळख ही कामे त्यांच्या हाती आली. प्रकल्पाच्या प्रारंभी या भागात दर हजार जन्मांमागे १७० हून अधिक बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. पुढील दोन दशकांत हे प्रमाण कित्येक पटींनी घटले. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडचा खरा धडा मात्र आकड्यांपेक्षा रचनेत आहे. गावातली कार्यकर्ती एकटी सोडलेली नव्हती. तिच्या मागे फिरते पथक होते, त्या पथकामागे रुग्णालय होते, आणि तिच्या शिक्षणाला शेवटची तारीख नव्हती.

१९७७ ची योजना का फसली?

सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे सप्टेंबर १९७८ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 'सर्वांसाठी आरोग्य' या ध्येयाची घोषणा केली आणि त्याची किल्ली प्राथमिक आरोग्यसेवा हीच असल्याचे सांगितले. त्याच्या एक वर्ष आधी, २ ऑक्टोबर १९७७ रोजी, केंद्रातील जनता सरकारने दर हजार लोकसंख्येमागे एक 'जनस्वास्थ्य रक्षक' नेमण्याची योजना सुरू केली होती. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि दरमहा ५० रुपये मानधन असे तिचे स्वरूप होते.

वरवर पाहता ही जामखेडचीच मोठी आवृत्ती होती. पण निवडीच्या वेळी गावातील वजनदार मंडळींचा शब्द चालला आणि बहुतांश जागी पुरुष नेमले गेले. माता व बालकांचे प्रश्न ज्या घरात, ज्या खोलीत घडत, तिथे त्यांना प्रवेशच नव्हता. प्रशिक्षण एकदाच झाले, औषधपेटी रिकामी झाली की भरायला कोणी आले नाही आणि देखरेख करणारे आरोग्य केंद्र स्वतःच अपुऱ्या मनुष्यबळावर चाललेले होते. योजनेची नावे बदलत गेली. आरोग्य स्वयंसेवक, मग ग्राम आरोग्य मार्गदर्शक. मानधन की वेतन, हा वाद न्यायालयांपर्यंत गेला. अखेरीस योजना नावापुरती उरली. प्रयोगातली व्यक्ती उचलली, परंतु तिच्या मागचा आधार उचलला नाही, तर काय होते याचे हे पहिले मोठे उदाहरण ठरले.

गडचिरोली : श्वास मोजणारी बाई

चंद्रपूरमधून १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यास 'सर्च' या संस्थेमार्फत काम सुरू केले. मुले कशाने दगावतात, हा प्रश्न त्यांनी आधी मोजमापाने सोडवला. न्यूमोनिया हे एक प्रमुख कारण निघाले. त्याचे निदान करायला क्ष-किरण यंत्र नव्हते; पण मुलाचा श्वास वेगाने चालतो आहे का, हे मोजता येत होते. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते अशा दाया व कार्यकर्त्यांसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी बसवलेले एक साधे उपकरण तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचले तर औषध सुरू करायचे. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गावांत ही पद्धत राबवली गेली तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.

त्यानंतर जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांकडे लक्ष वळले. १९९५-९६ या वर्षात ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांचे घरी जाऊन निरीक्षण करण्यात आले. त्यांतील ४२ टक्के बालके कमी वजनाची होती. निम्म्याहून अधिक बालकांना या काळात वैद्यकीय मदतीची गरज भासली. प्रत्यक्षात ती मिळाली तीन टक्क्यांहूनही कमी बालकांना. रुग्णालयात नेणे हा उपाय पुस्तकात बरोबर होता, पण गावात तो उपलब्ध नव्हता.

म्हणून गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले गेले. बाळंतपणाच्या वेळी हजर राहणे, बाळ रडले नाही तर श्वास सुरू करणे, वजन करणे, ऊब टिकवणे, स्तनपानातील अडचणी सोडवणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच तोंडावाटे औषध व जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, इतकी कौशल्ये त्यांना शिकवण्यात आली. इंजेक्शनचा भाग अनेक तज्ज्ञांना धक्कादायक वाटला होता. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी शंकांना उत्तर दिले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या संदर्भात सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता आणि जंतुसंसर्ग झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते. एका बालकामागील खर्च सुमारे पाच डॉलर होता.

यानंतर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने दुसरीही बाजू समोर आणली. महाराष्ट्रात प्रत्यक्ष होणारे बालमृत्यू शासकीय नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे त्यातून दिसले. जो मृत्यू नोंदलाच जात नाही तो टाळण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. त्यामुळे मोजणे हीच एक सुधारणा ठरली.

'आशा' : प्रयोगाचे धोरण झाले

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले. त्याआधी छत्तीसगडने 'मितानिन' या नावाने गावोगावी आरोग्यकार्यकर्त्या नेमण्यास प्रारंभ केला होता. अभियानाने हा विचार देशपातळीवर नेला आणि 'आशा' स्वयंसेविका अस्तित्वात आली. ती स्त्रीच असावी, त्याच गावची रहिवासी असावी, शक्यतो आठवीपर्यंत शिकलेली असावी आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक असावी, अशी अट घालण्यात आली. १९७७ च्या चुकीतील निवडीचा भाग येथे दुरुस्त झाला होता. २०११ मध्ये नवजात बालकाच्या घरी काळजीचा कार्यक्रम 'आशां'कडे सोपवण्यात आला. घरी बाळंतपण झाल्यास पहिल्या दिवसापासून, आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी जायचे. या साऱ्या भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये मिळायचे. गडचिरोलीतील ३९ गावांचा प्रयोग अशा रीतीने देशाचे धोरण बनला.

परिणाम दिसले. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर दर हजार जन्मांमागे १६ पर्यंत उतरला. देशाचा त्या वर्षीचा दर २८ होता. याचे श्रेय एकट्या 'आशां'ना देता येणार नाही. रुग्णालयातील बाळंतपणांत झालेली वाढ, लसीकरण, रस्ते, २०१४ पासून राज्यात धावू लागलेल्या '१०८' क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका आणि मुलींचे शिक्षण यांचाही त्यात वाटा आहे. परंतु गरोदर स्त्री रुग्णवाहिकेपर्यंत आणि बालक लसीपर्यंत पोहोचण्याआधी कोणीतरी त्या घराचा उंबरठा ओलांडलेला असतो, हे विसरता येत नाही. कोविडच्या साथीत घरोघरी सर्वेक्षण करणाऱ्याही त्याच होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील दहा लाखांहून अधिक 'आशां'चा जागतिक नेतृत्व पुरस्काराने गौरव केला.

गौरवाबरोबर हिशेब मात्र जुळला नाही. 'आशा' ही कर्मचारी नसून स्वयंसेविका आहे, या गृहीतकावर तिचा मोबदला कामागणिक ठरवण्यात आला. कामांची यादी वाढत गेली, सर्वेक्षणे वाढली, मोबाइलवरील नोंदी वाढल्या. भारतीय श्रम परिषदेच्या २०१३ मधील ४५ व्या अधिवेशनाने योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. केंद्राने २०१८ मध्ये नियमित कामांसाठीची रक्कम दरमहा एक हजारावरून दोन हजार रुपये केली. महाराष्ट्रात २०२१ आणि २०२३ मध्ये 'आशां'नी संप केले. २०२४ मध्ये राज्य सरकारने मानधनात पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली. प्रत्येक वाढ आंदोलनानंतर आली, धोरणातून आपोआप आली नाही, ही बाब बोलकी आहे.

औषधाची वाट

गावातली कार्यकर्ती कितीही कुशल असली तरी तिच्या पिशवीत औषध नसेल तर तिचा शब्द पोकळ ठरतो. या प्रश्नावरचे देशातील सर्वांत ठळक उत्तर महाराष्ट्रातले नव्हे, तमिळनाडूतले आहे. तेथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाने औषधखरेदी एकत्र केली. अत्यावश्यक औषधांची मर्यादित यादी, औषधांची खरेदी मूळ नावाने, खुली निविदा, प्रत्येक घाऊक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी आणि जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे ही तिची सूत्रे होती. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक देण्यात आले. मंजूर रकमेच्या मर्यादेत आपल्या गरजेनुसार औषधे उचलण्याची मुभा डॉक्टरला मिळाली. वरून लादलेला साठा पडून राहण्याचे आणि हवे ते औषध नसण्याचे प्रमाण त्यामुळे घटले. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू करताना याच पद्धतीचा आधार घेतला.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे सोपवले. खरेदीतील विलंबाच्या तक्रारी वाढल्यानंतर २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले. केसपेपरचे पैसे माफ झाल्याने गरिबाचा पहिला अडथळा दूर झाला. मात्र औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानासाठी लिहून दिली जात असेल, तर निःशुल्क या शब्दाला अर्थ उरत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आले. घट मोठी आहे, तरीही उरलेला भार लहान नाही.

पोषण आणि जाब विचारणारे गाव

आरोग्याशी जोडलेल्या इतर सार्वजनिक क्षेत्रांतही हाच अनुभव आला. २००५ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचे काम सुरू झाले. या प्रकारचे ते देशातील पहिले मिशन मानले जाते. त्याने नवे खाते उभे केले नाही. अंगणवाडी आणि आरोग्य विभागातील रिक्त पदे भरणे, प्रत्येक बालकाचे वजन नोंदवणे आणि आयुष्याच्या पहिल्या हजार दिवसांवर भर देणे, एवढ्यावर लक्ष केंद्रित केले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार राज्यातील पाच वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मधील ४६.३ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांवर आले. पुढील फेरीत, २०१९-२१ मध्ये, ते ३५.२ टक्के होते; म्हणजे सुधारणा थांबली. सुरुवातीचा जोर ओसरला की सार्वजनिक व्यवस्था जिथल्या तिथे अडते, हे यावरून दिसते.

जोर टिकवण्याचा एक मार्ग उत्तरदायित्वाचा आहे. ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००७ मध्ये नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी तत्कालीन ठाणे, पुणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे जिल्हे निवडले गेले. गावसमित्यांनी सेवांना गुण द्यायचे, गुणपत्रक गावात लावायचे आणि जनसुनवाईत डॉक्टर व अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडायचे, अशी पद्धत होती. बेकायदा पैसे घेणे, गैरहजेरी, औषधे बाहेरून आणायला लावणे अशा तक्रारी प्रथमच जाहीरपणे मांडल्या गेल्या. अनेक ठिकाणी त्यांची तड लागली, तर अनेकदा आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांच्या अडचणीही गावाला समजल्या.

दाखले, परवाने अशा सेवांसाठी महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा केला. मुदतीत सेवा न दिल्यास अपील आणि ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. अशा दाखल्याला मुदत लावता येते. नवजात बालकाच्या घरी दिलेली भेट मन लावून दिली की रकान्यात खूण करण्यापुरती, हे मात्र कोणत्याही मुदतीत बसत नाही. तिथे गावाची नजर आणि वरिष्ठांची साथ या दोन्हींची गरज पडते.

पुढील टप्पा

आयुष्मान भारत योजनेअंतर्गत पहिले आरोग्यवर्धिनी केंद्र १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील जांगला येथे सुरू झाले. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमून रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी गावातच करावी, हा त्याचा उद्देश आहे. २०२३ मध्ये या केंद्रांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे नाव देण्यात आले. बालमृत्यू आणि साथीच्या रोगांभोवती उभ्या राहिलेल्या व्यवस्थेला आता दीर्घ आजारांना सामोरे जायचे आहे. न्यूमोनियाचा उपचार काही दिवसांत संपतो. रक्तदाबाची गोळी आयुष्यभर मिळावी लागते. म्हणजे औषधपुरवठा आणि सातत्य यांचे महत्त्व पूर्वीपेक्षा अधिक वाढले आहे. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे व त्यातील दोनतृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ मध्ये हा खर्च १.८४ टक्के होता.

जामखेड ते आयुष्मान केंद्र या प्रवासात कल्पनांची टंचाई कधीच नव्हती. कमी पडल्या त्या चार गोष्टी. गावातील विश्वासाची व्यक्ती, तिला सतत मिळणारे शिक्षण, वेळेवर पोहोचणारे औषध आणि लोकांना उत्तर देण्याची बांधिलकी. छोट्या प्रयोगांत या चारही एकत्र होत्या, म्हणून मुले वाचली. राज्यभर विस्तार करताना पहिली गोष्ट घेतली गेली, कारण तीच सर्वांत स्वस्त होती. जी बाई रात्री-अपरात्री दुसऱ्याच्या घरी जाऊन बाळाचा श्वास मोजते, तिचे काम सेवाभावाच्या खात्यावर किती काळ मांडायचे, याचे उत्तर आरोग्य विभागाबरोबरच अर्थसंकल्पालाही द्यावे लागेल. ते मिळेपर्यंत प्रत्येक नव्या योजनेचे नाव वेगळे असेल, पण तिची कसोटी जुन्याच उंबरठ्यावर लागेल.